एका चुलीचे वसतिगृह : कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांचे चरित्र

संत गाडगेबाबांचे नाव ठाऊक नाही असे घर आमच्या वऱ्हाडात विरळा. हातात खराटा, डोक्यावर फुटके गाडगे, अंगावर चिंध्यांचे वस्त्र एवढीच त्यांची मालमत्ता होती. त्यांस अक्षरओळख नव्हती. तरी मुलांस शाळेत घाला, हे गावोगाव सांगता सांगता त्यांनी आयुष्य वेचले. ह्याच अमरावती जिल्ह्यात शेणगाव येथे परटाच्या घरी जन्मलेल्या ह्या पुरुषाचे नाव दूर सातारा जिल्ह्यात, कऱ्हाड येथे, १९५४ साली एका महाविद्यालयास देण्यात आले. ज्यांनी ते दिले त्यांचे चरित्र धामणगाव रेल्वे व आसपासच्या खेड्यांतील आमच्या वाचकांपुढे ठेवावे, असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते. ते गृहस्थ म्हणजे कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील. कृष्णेच्या खोऱ्यात त्यांचे नाव घरोघर घेतले जाते; आमच्याकडे ते तितके परिचित नाही.

ह्या चरित्राकडे वळण्यास आणखी एक कारण आहे. खेड्यातील मूल शाळेतून गळाले की दोष बहुधा मुलावर नाहीतर आईबापांवर येतो. मुलगा मठ्ठ आहे, बाप पितो, कापसाच्या वेचणीचे दिवस आले, असे आपण म्हणतो. ही कारणे पुष्कळदा खरीही असतात. परंतु ते मूल वर्गात कोठे बसत होते, त्यास पाणी कोणाच्या हातून व किती उंचावरून मिळत होते, पंगतीत शेजारचा मुलगा सरकून बसत होता की काय, हे विचारण्यास कोणी जात नाही. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता रद्द केली. तरी शाळेतील मध्यान्ह भोजनात जात पाहून पंगत मांडल्याच्या वार्ता त्यानंतरही देशाच्या निरनिराळ्या भागांतून येत राहिल्या आहेत. भाऊरावांनी नेमक्या ह्याच गोष्टी पाहिल्या, आणि सुमारे पन्नास वर्षे दुसरे फारसे काही पाहिले नाही.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडील पायगोंडा हे महसूल खात्यात कारकून होते व त्यांच्या बदल्यांबरोबर मुलाच्या शाळाही बदलत. लहानपणी, अस्पृश्यांस आडावर पाणी भरू देत नाहीत हे पाहून ह्या मुलाने रहाटच मोडून टाकला, अशी कथा त्यांच्याविषयी सांगतात. थोरांच्या बालपणी अशा कथा मागाहून चिकटतात हे आम्ही जाणतो, म्हणून तिच्यावर फार भार देत नाही. पुढची गोष्ट मात्र चांगलीच नोंदलेली आहे, आणि त्यांच्या सर्व कार्याचे बीज तीतच आहे असे आम्हांस वाटते.

शिक्षणासाठी ते कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात दाखल झाले व जैन बोर्डिंगात राहू लागले. त्या काळी कोल्हापुरात शाहू छत्रपतींच्या आश्रयाने वसतिगृहे निघत होती: मराठ्यांचे निराळे, जैनांचे निराळे, लिंगायतांचे निराळे, मुसलमानांचे निराळे. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क ह्यांच्या नावाचे वसतिगृह स्थापन झाले. मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्येचे ते नाव. ह्या वसतिगृहाच्या समारंभास तरुण भाऊराव गेले. परत आल्यावर, शुद्धीचे स्नान केल्यावाचून आत येता येणार नाही, असे बोर्डिंगच्या चालकांनी त्यांस बजावले. अस्पृश्यांच्या मेळ्यात बसून आलेला मुलगा तसाच जेवावयास कसा बसणार? भाऊरावांनी स्नान करण्याचे नाकारले. परिणामी त्यांस बोर्डिंग सोडावे लागले, व शाहू महाराजांनी त्यांस आश्रय दिला.

ह्या प्रसंगात वर्गात कोणी कोणास मारले नाही, पुस्तके हिरावली नाहीत, शाळेची दारे कोणास बंद झाली नाहीत. जे झाले ते जेवणघराच्या उंबऱ्यावर झाले. शाळेतील जातिभेद हा पुष्कळदा शाळेच्या पाठ्यक्रमात नसून तिच्या पाणवठ्यावर व चुलीपाशी असतो, हे त्या मुलास स्वतःच्या अंगावर बेतून कळले. पुढे त्यांनी जे वसतिगृह काढले त्यात एकच चूल होती, ह्याचे कारण येथे सापडते.

अभ्यासात त्यांची फारशी प्रगती झाली नाही. मॅट्रिकपर्यंतही ते पोहोचले नाहीत. ज्यांनी पुढे महाविद्यालये काढली त्यांस एकही मोठी परीक्षा उतरता आली नव्हती, हे आमच्या नापास झालेल्या तरुण मित्रांनी अवश्य ध्यानात ठेवावे. मात्र अभ्यास टाळण्यास त्याचा आधार घेऊ नये! सहावी इयत्ता सोडून ते साताऱ्यास शिकवण्या करू लागले, तेव्हा लोक त्यांस पाटील मास्तर म्हणत.

१९१४ साली कोल्हापुरात राजपुतळ्यास डांबर फासण्याचे प्रकरण घडले. संशय अण्णासाहेब लठ्ठे ह्यांच्यावर आणावयाचा होता, आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. हे लठ्ठे म्हणजे पूर्वी जैन बोर्डिंगचा कारभार पाहणारे गृहस्थ. जुना राग काढावयास ह्याहून सोपी संधी कोणती मिळणार? परंतु भाऊरावांनी खोटे बोलण्याचे नाकारले. त्यांस तुरुंगात टाकण्यात आले व त्यांचा छळ झाला. तो इतका की जीव देण्याचाही प्रयत्न त्यांच्या हातून झाला. अखेरीस ते सुटले. ज्या जागेतून आपणास घालविले तेथील माणसासाठी एवढे सोसणारा पुरुष पुढे मुलांच्या घरी जाऊन त्यांच्या आईबापांशी बोलू लागला, तेव्हा लोकांनी त्याच्यावर विश्वास का ठेवला, हे निराळे सांगणे नको.

त्यानंतर काही वर्षे त्यांनी ओगल्यांचे कंदील व किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. विक्रीच्या निमित्ताने गावोगाव हिंडणे झाले. कोणत्या गावात शाळा नाही, कोठे शाळा असून मुले नाहीत, कोठे मुले असून ती ओसरीबाहेर बसतात, हे त्यांनी नांगर विकता विकता पाहून घेतले. अशाच एका खेड्यात महाराचा एक मुलगा शाळेच्या बाहेर बसून आतले शिकणे ऐकत आहे, हे त्यांच्या दृष्टीस पडले, असे सांगतात. त्यांनी मास्तरांशी वाद घालीत वेळ दवडला नाही. मुलाच्या आईबापांस भेटून, त्यांची संमती घेऊन, त्यास कोल्हापुरास नेले व मिस क्लार्क वसतिगृहात ठेवले. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप. पुढे ते मुंबईच्या कायदे कौन्सिलाचे सभासद झाले आणि डॉ. आंबेडकरांच्या मूकनायक पत्राचे संपादनही त्यांनी केले. आमच्या सुवार्तिक व शिक्षक बंधूंनी ह्यातील क्रम पाहावा. आधी मूल दिसले, मग घर गाठले, मग जागा शोधली. आणि हे सर्व करणारा मनुष्य त्या वेळी सरकारचा नोकर नव्हता, संस्थेचा पगारी नव्हता, साधा फिरता विक्रेता होता.

सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे असा प्रयत्न त्यांनी सहकाऱ्यांसह १९१० च्या सुमारास दुधगाव येथे करून पाहिला होता. खरा आरंभ मात्र ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे झाला. सत्यशोधक मंडळींची तेथे परिषद भरली होती, तीत रयत शिक्षण संस्थेची स्थापना करण्यात आली. त्याच वर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांस सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. महाराजांनी पूर्वी जातवार वसतिगृहे काढली म्हणून त्यांस नावे ठेवणारे लोक आहेत. आम्हांस ते न्याय्य वाटत नाही. ज्या काळी कोणतीही जात आपले मूल दुसऱ्या जातीच्या मुलाशेजारी निजू देत नव्हती, त्या काळी निराळे छप्पर हेही थोडके नव्हते. परंतु त्या छपराखाली राहून भाऊरावांस जे शिकावयाचे होते ते त्यांनी शिकून घेतले, व पुढचे पाऊल टाकले.

काले, नेर्ले असे करीत १९२४ साली वसतिगृह सातारा शहरी आले, व पुढे धनिणीच्या बागेत वाढले. येथे महार, मांग, चांभार, रामोशी, मराठा, जैन, मुसलमान अशी मुले एका ओळीत जेवू लागली. स्वयंपाक मुलांनीच पाळीपाळीने करावयाचा. पाणी भरणे, सरपण आणणे, शेत खणणे, दगड फोडणे, आपले कपडे धुणे, संडास झाडणे ही कामे सर्वांनी करावयाची. कमवा आणि शिका ही पद्धती पुढे भाऊरावांच्या नावाने प्रसिद्ध झाली, तिचा पाया हाच.

ह्या पद्धतीवर एक आक्षेप घेतला जातो. गरिबाच्या मुलाने श्रम करून शिकावे आणि श्रीमंताच्या मुलाने नुसते शिकावे, ह्यात न्याय तो काय? आक्षेप पोकळ नाही, आणि त्यास पुरे उत्तर आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि एक गोष्ट आक्षेपकांच्या नजरेतून निसटते. महाराच्या मुलास झाडू देणे ह्यात नवे काहीच नव्हते. झाडू त्याच्या हाती त्याच्या जन्माआधीच देऊन ठेवला होता. नवे हे होते की गावच्या पाटलाचा मुलगाही त्याच्या शेजारी उभा राहून तोच झाडू धरीत होता, आणि संध्याकाळी त्या महाराच्या मुलाने थापलेली भाकरी खात होता. वसतिगृहात पाटलाचे मूल नसते, तर तेच काम जुन्या गुलामगिरीचा एक तुकडा ठरले असते.

अमेरिकेतील बुकर वॉशिंग्टन ह्यांच्याशी भाऊरावांची तुलना पुष्कळांनी केली आहे. वॉशिंग्टन हे १८५६ साली गुलामीत जन्मले, आणि १८८१ साली टस्कीगी येथे त्यांनी काळ्या लोकांसाठी शाळा काढली. विद्यार्थ्यांनीच विटा पाडल्या व इमारती बांधल्या. तेवढ्यापुरती तुलना बरोबर आहे. परंतु टस्कीगीच्या बाकावर गोऱ्यांचे मूल नव्हते, व त्या देशाच्या दक्षिण भागात कायद्यानेच ते बसू शकले नसते. वर्णावरून शाळा निराळ्या ठेवणे घटनेविरुद्ध आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९५४ साली. भाऊरावांनी साताऱ्यात दोन्ही बाजूंची मुले एका पंगतीस बसविली तेव्हा १९२४ साल चालू होते. त्यांस कायद्याची मदत नव्हती; तशीच, सुदैवाने, कायद्याची आडकाठीही नव्हती. आडकाठी होती ती लोकांची. वरच्या जातींतील आईबापांची समजूत घालणे हे अस्पृश्यांच्या मुलांस शोधून आणण्याहून कठीण काम होते.

आणि ते काम पहिल्याने स्वतःच्या घरीच करावे लागले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, माहेरचे नाव आदाक्का, ह्या कुंभोजच्या पाटील घराण्यातील. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरात त्या वाढल्या होत्या. नवऱ्याने महारामांगांची मुले घरी आणली तेव्हा त्यांच्या मनाची काय दशा झाली असेल, ह्याचा विचार आमच्या भगिनींनी करावा. एका दिवसात मन पालटले असे आम्ही सांगणार नाही. अशी मने एका दिवसात पालटत नाहीत. परंतु जेवू घालता घालता ती मुले त्यांची झाली. वसतिगृहातील धान्य संपे तेव्हा त्यांच्या अंगावरचा एकेक दागिना सावकाराकडे जाई. एकदा भाऊराव परगावी असता मुलांस शिजविण्यास काही उरले नाही, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही दिले. ते मोडून आलेल्या पैशांतून दाणे आले व चूल पेटली. पतीच्या हयातीत गळ्यातील मंगळसूत्र काढणे हे त्या काळच्या बाईस काय वाटत असे, ते खेड्यातील वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. १९३० साली त्या वारल्या. भाऊरावांच्या नावापुढे पदव्या लागल्या. ह्या बाईंच्या नावापुढे लागल्या नाहीत. वसतिगृहाच्या इतिहासात त्यांचा वाटा निम्मा धरला तरी आमच्या मते कमीच होईल.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी ह्या वसतिगृहास भेट दिली, व त्यांच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले.

ह्याच सुमारास आमच्या वऱ्हाडातही वारे फिरत होते, ते येथे सांगितले पाहिजे. पापळचे पंजाबराव देशमुख, जे लहानपणी काही काळ आमच्या शेजारच्या चांदूर रेल्वेच्या शाळेत शिकले, ते विलायतेहून परत आले व त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले. तेथेही सर्व जातींच्या मुलांस प्रवेश होता. १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीस अस्पृश्यांची परिषद डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न निघाला, आणि पंजाबरावांनी त्यात अस्पृश्यांची बाजू घेतली. त्याच महिन्यात त्यांनी जातीबाहेर विवाह केला. पंजाबरावांचे चरित्र ही निराळ्या लेखाची सामग्री आहे. येथे इतकेच की साताऱ्याचे उदाहरण वऱ्हाडास परके नाही.

पुणे करारानंतर, १९३२ साली, भाऊरावांनी पुण्यास युनियन बोर्डिंग काढले. परंतु वसतिगृहे कितीही काढली तरी ती मूठभर मुलांस पुरणार. बाकीची मुले गावच्या शाळेतच शिकणार, आणि तेथे सारे काही मास्तरांवर अवलंबून. मास्तर जर पाटीस पाणी लावून दुरूनच फेकीत असेल, तर ठरावांचा काय उपयोग? मुंबई सरकारने १९२३ सालीच, अस्पृश्यांच्या मुलांस नाकारणाऱ्या शाळांचे अनुदान बंद होईल, असे ठरविले होते. शाळेची दारे त्यामुळे काही ठिकाणी उघडली, पण मास्तरांचे मन ठरावाने उघडले नाही. म्हणून १९३५ साली भाऊरावांनी साताऱ्यास खेड्यांसाठी शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज काढले. ज्याने चार वर्षे एका चुलीचे अन्न खाल्ले तोच मास्तर होऊन डोंगरकपारीच्या गावी गेला, की त्या गावच्या शाळेत कोणास ओसरीवर बसावे लागणार नाही, हा त्यातील हिशेब. पुढे काही वर्षांत शेकडो लहान गावांत संस्थेच्या प्राथमिक शाळा निघाल्या. देवळात, चावडीत, कोणाच्या गोठ्यात, जागा मिळेल तेथे. शिक्षकाच्या पोटाची सोय गावाने मूठमूठ धान्य घालून करावयाची. रयतेच्या ह्या मुष्टी फंडाची रीत आमच्या मंडळ्यांतील भगिनींस ओळखीची वाटेल, कारण स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ किंवा ज्वारी बाजूस काढण्याची चाल आपल्याकडेही आहे.

१९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज, अशा पायऱ्या चढत काम वाढले. १९४८ साली मुंबई सरकारशी बिनसून संस्थेचे अनुदान बंद झाले. भाऊराव तापट होते, बोलण्यात मृदू नव्हते, व राजकारणी मंडळींशी जुळवून घेणे त्यांस साधत नसे. हा त्यांचा दोष म्हणावयाचा की गुण, ते वाचकांनी ठरवावे. हजारो मुलांच्या तोंडचा घास अडला. तेव्हा लोकांपुढे झोळी पसरण्यात आली, आणि येथे आमचे गाडगेबाबा पुन्हा भेटतात. बाबांनी पंढरपुरास चोखामेळ्याच्या नावाने अस्पृश्य यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली होती. जातीमुळे दारात अडविल्या गेलेल्या मनुष्याचे दुःख त्यांस कोणी शिकवावे लागत नव्हते. त्यांनी आपल्या कीर्तनांतून भाऊरावांचे काम लोकांस सांगितले, व मुख्यमंत्री बाळासाहेब खेर ह्यांच्याकडे त्यांच्यासाठी रदबदली केली. अनुदान पुन्हा सुरू झाले. कऱ्हाडच्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव मिळाले ते ह्या ऋणातून. स्वतःच्या नावाची ती पाटी बाबांस वाचता येत नव्हती.

बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे वारले. भाऊराव त्यांच्यामागे अडीच वर्षांहूनही कमी काळ जगले. पांढरी दाढी, खादीचे जाडेभरडे वस्त्र, अनवाणी पाय, असे त्यांचे उतारवयातील रूप छायाचित्रांतून दिसते. १९५९ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण दिले व पुणे विद्यापीठाने सन्मानाची डी. लिट्. पदवी दिली, सहावी इयत्ता सोडलेल्या मनुष्यास ही पदवी मिळाल्याचे कौतुक तेव्हा पुष्कळांस वाटले. ९ मे १९५९ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे, आणि तिच्या शाखा आता शेकडोंनी मोजाव्या लागतात. भाऊरावांची समाधी साताऱ्यात संस्थेच्या आवारात आहे.